हरणाच्या देवकाची आत्या

"गोळी रोज घ्यायची," पेरुसी भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

"गोळी रोज घ्यायची," नालोंगोनं समोर बसलेल्या भाचीला सांगितलं, आणि पदरचं घातलं, "नवरा घरी असो, नसो, नाहीतर भांडून पडवीत झोपलेला असो."

"भांडणाचं मी म्हटलं नाही."

"तुझा नवरा कधी पडवीत झोपला नाही, म्हणून तुला सुचलं नाही. पुढचं बोल."

"एखाद्या दिवशी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची. आणि शेजारणीला उसनी द्यायची नाही."

"आठवल्याबरोबर घ्यायची. शेजारणीला द्यायची नाही. मीठ देतेस तेवढं बास."

भाचीचं लग्न महिन्यावर आलं होतं. ती चटईवर पाय एका बाजूला मुडपून बसली होती आणि हसू दाबत होती. "आत्या, मला पेरुसी आत्यांचं सगळं ऐकू येतंय की. दोन-दोनदा कशाला?"

"ऐकू आलं तरी ऐकायचं नाही," नालोंगो म्हणाली. "तुझी आत्या मी. तू माझं ऐक."

पेरुसीनं मान वळवली नाही. तिच्या मांडीवर केळ्यांचा घड होता आणि ती कच्ची केळी सोलत होती. बावीस वर्षं ती अशीच पाठ करून बसत आलेली आहे. लोक तिला हसतात, पण तिच्या पद्धतीवाचून गावाचं पानही हलत नाही, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

आमच्याकडे मुलीला या गोष्टी आत्या सांगते. आई नाही. आईचं तोंड उघडत नाही आणि आईनं उघडलंच तर मुलीचे कान बंद होतात. आत्या म्हणजे बापाची सख्खी बहीणच पाहिजे असं नाही. बापाच्या कुळातली, बापाच्या देवकाची कुठलीही बाई आत्याच. नालोंगोचं देवक बिबट्या. ती बाजारात टोमॅटो विकते, तिला जुळी झाली म्हणून सगळे तिला नालोंगो म्हणतात, आणि बिबट्याच्या देवकाची प्रत्येक पोर ही तिची भाची. पेरुसीचं देवक नाकतोडा. नोव्हेंबरात सगळं गाव नाकतोडे तळून खातं तेव्हा ती दार लावून घेते, कारण देवक कुणी खात नाही.

नाकतोड्याच्या पोरींशी पेरुसी समोरासमोर बोलते. बाकीच्यांशी बोलायचा तिला हक्क नाही. म्हणून तिनं एकेका देवकाची एकेक बाई गाठली. मेंढीची एक शिवणकाम करणारी, अळंबीची एक दारूच्या गुत्त्यावर बसणारी, हत्तीची एक चर्चमध्ये झाडू मारणारी. चौदा देवकांच्या चौदा आत्या. आरोग्य केंद्रातून शिकून आलेलं सगळं पेरुसी मागून सांगते आणि त्या पुढून बोलतात, आपापली फोडणी घालून.

पूर्वी एवढा खटाटोप लागत नव्हता. प्रत्येक घराला आपली आत्या होती. मग एड्सचा तो आजार आला आणि आमच्या मसाक्याकडची मधली पिढीच कापून घेऊन गेला. आज्या उरल्या, नातवंडं उरली. आत्या गेल्या. पोरींना काय होतंय ते सांगायला कुणी राहिलं नाही, आणि ज्यानं घर रिकामं केलं तो आजार मात्र दाराशीच उभा होता. तेव्हा पेरुसीनं स्वयंसेविकेचं काम घेतलं. त्यात पगार नाही. तिला एक निळी पिशवी मिळाली, एक टी-शर्ट मिळाला आणि पुरुषाच्या मापाचे गमबूट मिळाले.

एका वर्षी काही बापांनी शाळेत सभा भरवली. पेरुसी पोरी बिघडवते, सुया टोचते, फुगे वाटते, असं बरंच बोलून झालं. पेरुसी शेवटी उठली आणि म्हणाली, "मी तर कुणाशी बोलतच नाही. आत्या बोलतात. आत्यांनी भाच्यांशी बोलू नये असं ज्याला वाटतं त्यानं उभं राहावं, म्हणजे त्याच्या बहिणीला मी कळवते." कुणी उभं राहिलं नाही. सभा चहावर संपली.

तर असं सगळं गाव शिकवणाऱ्या या बाईला एक मुलगी होती, टेंडो, आणि तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

मूल बापाच्या देवकाचं असतं. पेरुसीचा नवरा दाऊदी हरणाच्या देवकाचा, म्हणून टेंडोही हरणाची. घरात आत्या-भाच्यांची बैठक बसली की पेरुसी तिला पिवळा कॅन देऊन झऱ्यावर पाठवायची. टेंडो डोक्यावर कॅन घेऊन निघाली की रस्त्यावरच्या बायका ओळखायच्या, आज पेरुसीकडे कुणाची तरी पोर आलेली आहे. एवढं पाणी गावात दुसऱ्या कुठल्याच घरात भरलं जात नसेल. सतरा वर्षांची होईपर्यंत टेंडोनं सगळ्या गावाच्या गुपितांसाठी पाणी वाहिलं आणि स्वतः त्यातलं अक्षर ऐकलं नाही.

त्या फेब्रुवारीत तिला मसाक्याच्या शाळेत अकरावीला प्रवेश मिळाला. वसतिगृहात राहायचं होतं, रविवारी निघायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पेरुसी शाळेच्या यादीबरहुकूम पत्र्याची पेटी भरत होती: दोन खराटे, कागदाचा गठ्ठा, साबणाच्या वड्या, मच्छरदाणी. तळाशी दुमडलेल्या स्वेटरमध्ये तिच्या हाताला फोन लागला. नवाकोरा, अजून काचेवरचा कागदही न काढलेला.

"हा कुणाचा?"

"मैत्रिणीचा," टेंडो म्हणाली.

"मैत्रिणीचा फोन तुझ्या स्वेटरमध्ये?"

"ठेवायला दिलाय."

पेरुसीनं तो फोन होता तिथे ठेवला आणि स्वेटर पुन्हा दुमडला. फोन कोण देतं, का देतं, आणि सहा महिन्यांनी त्याबदल्यात काय मागतं, हे तिनं भिंतीकडे तोंड करून निदान चाळीस पोरींना सांगितलं होतं. वाक्यंच्या वाक्यं पाठ होती. ती टेंडोसमोर बसली. टेंडो स्वच्छ, मोठ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहत होती. बापाचे डोळे होते ते.

"टेंडो, तिकडे गेल्यावर..."

"काय?"

पेरुसीनं स्वेटरची घडी पुन्हा नीट केली. तिला वाटलं, आपण आत्ता जे बोलू त्यानं या पोरीच्या डोळ्यांतली आई कायमची उठून जाईल.

"तिकडे गेल्यावर मच्छरदाणी रोज लाव," ती म्हणाली.

टेंडोनं मच्छरदाणी उचलून पेटीत ठेवली. मग म्हणाली, "आई, सगळ्या पोरींना आत्या असते. तू सगळ्यांना शोधून देतेस. माझ्या वेळेलाच बरी सापडत नाही."

हे काही खरं नव्हतं. पेरुसीनं चार वर्षं शोधलं होतं. हरणाच्या देवकाच्या दोन बायका कंपालात होत्या, त्या फोनवर हो म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. तिसरी ऐंशीची होती, तिला ओरडून सांगावं लागायचं, आणि तीही ओरडूनच बोलायची. अशी शिकवणी सगळ्या टेकडीनं ऐकली असती. चौथी देवभक्त झाली होती, तिच्याकडे कुठल्याही प्रश्नाला गुडघे टेकून प्रार्थना एवढाच उपाय होता. राहिली एकच. दाऊदीची सख्खी थोरली बहीण, यूनिया. ती दोन टेकड्यांपलीकडे राहत होती, चांगली खणखणीत होती, आणि गेली नऊ वर्षं पेरुसीशी एक शब्द बोललेली नव्हती.

यूनियाला एकच मुलगा होता, इसाया. त्याची बायको फ्लाविया लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात पेरुसीकडे आली आणि दर तीन महिन्यांनी दिवस न राहण्याची सुई घेऊ लागली. नवऱ्याला, सासूला कळता कामा नये, एवढीच तिची अट होती. पेरुसीनं तिचं कार्ड स्वतःच्या घरी डब्यात ठेवलं. चार वर्षं यूनिया सुनेला मुळ्या उकळून पाजत होती, नवस बोलत होती, आणि रविवारी चर्चमध्ये पेरुसीच्या शेजारी बसून तिलाच विचारत होती, "तू एवढं शिकलीस, हिला काय दिलं तर राहील गं?" पेरुसी म्हणायची, "देवाच्या हातात आहे, वन्सं." मग इसाया मोटारसायकलवरून पडून गेला.

मयताच्या घरी बायका चटयांवर बसलेल्या होत्या. आरोग्य केंद्रातली एक नर्स भेटायला आली, तिनं फ्लावियाच्या पाठीवरून हात फिरवला आणि सवयीनं म्हणून गेली, "या गडबडीत तुझी सुईची तारीख गेली बघ." बाई मनानं चांगली होती. पण त्या एका वाक्यानं चटयांवरचं रडणं थांबलं. यूनियानं आधी सुनेकडे पाहिलं, मग पेरुसीकडे. ती उठून मुलाच्या शवाजवळ जाऊन बसली. नंतर फ्लाविया माहेरी गेली, दुसरं लग्न केलं. तिकडे तिला दोन मुलं झाली, हीही बातमी यूनियापर्यंत पोहोचली. तीन वर्षांनी दाऊदी गेला, तेव्हाही यूनिया भावाच्या मातीला आली, पेरुसीला पाठ देऊन बसली आणि तशीच गेली.

शनिवारी सकाळी पेरुसीनं सणासुदीची पायघोळ गोमेसी नेसली, कमरेचा पट्टा आवळला, साखरेचा पुडा आणि साबणाची लांब वडी टोपलीत घेतली आणि दोन टेकड्या चालून गेली.

यूनिया अंगणात कॉफीच्या बिया वाळत घालत होती. सत्तरीला आलेली बाई, पण पाठ सरळ. पेरुसीनं अंगणातच गुडघे टेकले.

"वन्सं, बऱ्या आहात ना?"

यूनिया बिया पसरत राहिली. आमच्याकडे गुडघे टेकलेल्या माणसाला उत्तर न देणं फार वाईट. ती बराच वेळ वाईट वागली. मग म्हणाली, "ऊठ. गोमेसी मळेल."

पेरुसी उठली नाही. "टेंडो उद्या मसाक्याला चालली. तिला आत्या नाही."

"आत्या आहे. तिच्या आईनं ठेवली नाही."

"तुम्ही म्हणाल ते खरं. पण पोरीपाशी नवा फोन निघाला. मला तिच्याशी बोलता येत नाही. तुम्ही या. मला बोलू नका, माझ्या घरचं पाणी पिऊ नका, पण पोरीपाशी बसा."

"तुला बोलता येत नाही?" यूनिया पहिल्यांदा तिच्याकडे वळली. "मसाक्यापर्यंत नाव आहे तुझं. साहेब लोक गाडीतून येऊन फोटो काढून गेले तुझा, नालोंगो बाजारात सांगत होती."

"स्वतःच्या पोरीला नाही येत."

यूनियानं हातातलं फावडं टेकवलं आणि उंबऱ्यावर बसली. तिचा आवाज खाली आला.

"मी येते. एक सांग, मग येते. माझी सून तुझ्याकडे का आली? माहेरी गेल्यावर तिला दोन झाली. म्हणजे कुशीत दोष नव्हता. मग माझ्याच इसायाचं का नको होतं? नऊ वर्षं झाली, पेरुसी. मी रात्रंदिवस दुसरा विचार केलेला नाही. तुला सांगितलं असणार तिनं. तुझ्याकडे येतात त्या सगळ्या सांगतात."

पेरुसीला कारण माहीत होतं. मला माहीत नाही, कारण तिनं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून मला इथेही सांगता येत नाही. अंगणात गुडघ्यांवर बसल्या बसल्या तिला काय काय वाटलं असेल तेवढं मी समजू शकते. चार शब्दांचं काम होतं. फ्लाविया दूर होती, तिला कळलंही नसतं. इसाया तर मातीत होता. आणि घरी पेटीच्या तळाशी, स्वेटरच्या घडीत, तो फोन होता.

"वन्सं," ती शेवटी म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही."

"तुझ्या पोरीसाठीही नाही?"

पेरुसीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. "नाही."

"मग जा."

पेरुसीनं टोपली उंबऱ्यापाशी ठेवली आणि परत निघाली. वाटेत दुसऱ्या टेकडीच्या चढावर तिला बसावं लागलं. तिथून जाणाऱ्या नालोंगोच्या जावेनं विचारलं, काय झालं, तर म्हणाली, गमबूट चावतायत. पायात तर साध्या चपला होत्या.

रविवारी मटोके, म्हणजे सोललेली कच्ची केळी, पानात बांधून शिजायला घालून पेरुसी दाराशी बसली होती. गाडी दुपारी यायची होती. गादीची वळकटी बांधून झाली होती, टेंडो केस विंचरून घेत होती. तेवढ्यात एक मोटारसायकल येऊन थांबली. मागे एका बाजूला पाय सोडून यूनिया बसली होती, चर्चच्या कपड्यांत, हातात तीच टोपली. साखर आणि साबण त्यात नव्हते. त्यांच्या जागी भुईमुगाच्या शेंगा होत्या. रिकामी टोपली परत करत नाहीत.

"मी तुझ्यासाठी आले नाही," तिनं उतरताच सांगितलं. "माझ्या भावाची पोर आहे."

"हो, वन्सं."

"आणि मला जुनं येतं. नवऱ्याला काय खाऊ घालावं, अंथरूण कसं ठेवावं. तुझं ते नवीन मला येत नाही. घराच्या मागे चल, मला सांग. भरभर सांग."

दोघी केळीच्या बागेत गेल्या. पेरुसीनं निळी पिशवी उघडली. चौदा आत्यांना सांगितलं होतं तेच पंधराव्यांदा सांगायला लागली: पाळी कशी मोजायची, दिवस गेले हे कसं ओळखायचं, आजार कुठून येतो, नाही कसं म्हणायचं, आणि नाही म्हणूनही कुणी ऐकलं नाही तर कुणाच्या दारात पळत जायचं. यूनिया तिच्याकडे न पाहता एकेक वाक्य पुटपुटत घोकत होती. मधेच थांबवायची. "फोनचं पुन्हा सांग." पेरुसी पुन्हा सांगायची. "हे मी असं नाही बोलणार. मी म्हणेन, फोन देणाऱ्याला तुझ्या आत्याकडे पाठव, आधी मला एक दे म्हणावं."

"म्हणा तसं."

मग पेरुसीनं सुई काढली. आता ती बारीक निघाली आहे, औषधासकट, बोटाएवढी, बायका आपली आपण घेऊ शकतात.

"ही तीच?" यूनियानं विचारलं.

"तीच. तेव्हा जरा मोठी होती."

यूनियानं हात पुढे केला. पेरुसीनं ती तिच्या तळव्यावर ठेवली. यूनिया त्या वस्तूकडे पाहत राहिली. केळीच्या पानांतून ऊन तिच्या हातावर पडलं होतं. आयुष्यात तिनं त्या नातवंडाइतकी कशाचीच वाट पाहिली नव्हती.

"एवढीशी," ती म्हणाली.

पेरुसी पिशवीतल्या वस्तू पुन्हा नीट लावत राहिली.

"रात्री झोप लागली नाही मला," यूनिया सुईकडेच पाहत म्हणाली. "तू मला खोटंही सांगू शकली असतीस. पोरगी अशक्त होती, डॉक्टरनं नको म्हटलं होतं, असं काहीतरी. मी मानलं असतं. तू ते केलं नाहीस. मग माझ्या ध्यानात आलं. आईला सांगण्यासारखं असतं, तर तू सांगितलं असतंस."

पेरुसीनं मान खाली घातली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

"माझा इसाया बापासारखाच होता," यूनिया म्हणाली. एवढंच म्हणाली. तिनं सुई परत दिली, पट्टा नीट केला आणि उठली. "मी मात्र त्याच्या बापापाशी राहिले. मला कुणी अशी सुई दिली नाही. चल, पोरीला बाहेर बोलाव. आणि तू इथे थांबायचं नाही."

"मी पाठ करून बसते. काही राहिलं तर..."

"नाही. बाकीच्यांच्या वेळी बस. ही तुझी पोर आहे, तुझे कान पाठीलाही असतील. कॅन घे आणि पाण्याला जा."

पिवळा कॅन दाराशीच होता. पेरुसीनं तो उचलला. टेंडो चटई घेऊन बाहेर आली, तिनं आत्याला पाहिलं, आईच्या हातातला कॅन पाहिला, आणि काय चाललंय ते तिला समजलं. या घरात ते तिच्याइतकं कुणाला समजणार होतं? ती पटकन आत्यासमोर गुडघ्यांवर बसली.

झऱ्यावर पाच-सहा बायका होत्या. त्यांत नालोंगो होती, मेंढीच्या देवकाची शिंपीण होती. पेरुसीला कॅन घेऊन येताना बघून नालोंगोनं तोंड उघडलं, "आज तू पाण्याला? टेंडो कुठे—" आणि मिटलं. रस्त्यानं यूनियाची मोटारसायकल सगळ्यांनीच पाहिली होती.

झऱ्याच्या नळीखाली त्या वेळी कुणाचाही कॅन नव्हता. पाणी मोकळं वाहत होतं. पेरुसी पुढे झाली तशी शिंपिणीनं आपला भरलेला कॅन उचलून दगडावर ओतला आणि पुन्हा नळीखाली लावला.

"रांग आहे, पेरुसी," ती म्हणाली. "बस जरा."

"हो, बस," नालोंगो म्हणाली. "माझाही भरायचा आहे. मग हिचा. हिचा तर गळका आहे, त्याला वेळ लागतो."

पेरुसी दगडावर बसली. बायका टोमॅटोच्या रोगाबद्दल बोलत होत्या, पाद्रीबाबांच्या नव्या चष्म्याबद्दल बोलत होत्या. एकीनंही तिला काही विचारलं नाही. भरलेले कॅन ओतले जात होते, पुन्हा भरले जात होते. पेरुसी हात मांडीवर ठेवून पाण्याकडे पाहत होती. एवढ्या वर्षांत ही पोर इथे बसून काय विचार करत असेल, हे तिच्या पहिल्यांदाच मनात आलं. ऊन डोक्यावर येऊन कललं तेव्हा नालोंगोनं तिचा कॅन भरला, तिच्या डोक्यावर चढवून दिला आणि म्हणाली, "आता झालं असेल."

घराजवळ येताना तिला हसू ऐकू आलं. दोघींचं. यूनियाचं हसणं तिनं नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. ती दिसताच ते थांबलं. टेंडो उठून आली आणि तिनं आईच्या डोक्यावरचा कॅन उतरवला. तिचे डोळे सुजलेले होते. म्हणजे हसण्याच्या आधी रडूनही झालं होतं. तिनं आईकडे पाहिलं नाही.

गाडी आली. पेटी टपावर चढली, गादी चढली. टेंडोनं आधी आत्यासमोर गुडघे टेकले, मग आईसमोर. पेरुसीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मच्छरदाणीची आठवण केली. "लावीन, आई," टेंडो म्हणाली. खिडकीतून तिनं हात हलवला. त्या हातात काही नव्हतं. फोन पेटीत होता, खिशात होता, की घरात कुठे राहिला होता, ते पेरुसीला दिसलं नाही.

गाडी वळणापलीकडे गेली तरी लाल धूळ रस्त्यावर रेंगाळत होती. दोघी दाराशी उभ्या होत्या.

"वन्सं," पेरुसीनं न राहवून विचारलं, "फोनचं काय म्हणाली? कुणी दिला?"

यूनियानं तिच्याकडे नीट पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर पेरुसीला सोपं गेलं असतं.

"ते मला सांगता येणार नाही, पेरुसी."

पेरुसीनं धुळीकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मग तिनं मटोके उतरवले, केळीचं पान उघडून ताटात काढले, वर शेंगदाण्याची आमटी घातली. यूनिया चटईवर बसली होती. टेंडोनं दाराशी ठेवलेला कॅन पेरुसीनं उचलला, आणि ते पाणी तिनं गुडघ्यांवर बसून वन्संच्या हातांवर घातलं.